वाजणारी गाडी आणि उभी गाडी

गेल्या महिन्यात एका माजी विद्यार्थ्याने मला एक चित्रफीत पाठवली. सोबत एकच वाक्य लिहिले होते : ‘मॅडम, ही गाडी निदान काही वाजवते तरी.’ या वाक्याचा संदर्भ आम्हा दोघांनाच ठाऊक आहे आणि तो फारसा सुखाचा नाही. तो सांगण्यापूर्वी चित्रफितीविषयी सांगितले पाहिजे; कारण पंधराएक वर्षे मनाच्या तळाशी बसलेला एक प्रश्न तिने पुन्हा वर आणला.

‘ओके गो’ हा अमेरिकेतला चौघांचा पॉप बँड, १९९८ साली शिकागोत सुरू झालेला. शेव्हर्ले कंपनीच्या ‘सॉनिक’ या छोट्या मोटारीच्या जाहिरातमोहिमेत या बँडने आपल्या ‘नीडिंग/गेटिंग’ या गाण्याची चित्रफीत केली आणि ५ फेब्रुवारी २०१२ रोजी, ‘सुपर बोल’च्या दिवशी, ती लोकांसमोर आली. सुपर बोल म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना. तो जितका खेळासाठी पाहिला जातो तितकाच मधल्या जाहिरातींसाठीही. त्या वर्षी तीस सेकंदांच्या जाहिरातीचा दर सुमारे ३५ लाख डॉलर होता. एवढ्या पैशाच्या सावलीत जन्मलेल्या कलाकृतीकडे मराठीचा अध्यापक साधारणपणे ज्या नजरेने पाहील, त्याच नजरेने मी ती पाहायला बसले.

लॉस एंजेलिसबाहेरच्या वैराण प्रदेशात सुमारे दोन मैलांची वाट आखलेली आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना हजाराहून अधिक वाद्ये मांडली आहेत : पियानोंच्या रांगा, गिटारींच्या रांगा आणि वाद्य म्हणता येईल की नाही अशी शंका यावी अशा ठोकायच्या अनेक वस्तू. गाडीला हवेच्या दाबावर पुढेमागे होणारे हात बसवले आहेत. बँडचा मुख्य गायक डेमियन कुलाश गाडी चालवतो आहे, बाकीचे तिघे आत बसले आहेत, आणि चौघे गात असताना गाडी आपल्या हातांनी ही वाद्ये वाजवत सुटते. या खटाटोपासाठी चार महिने तयारी चालली होती. चित्रीकरण आणि ध्वनिमुद्रण चार दिवसांत झाले. कुलाशने त्यासाठी कसरतीच्या मोटारचालनाचे धडे घेतले होते. त्याच्या जागी दुसरा कोणी चालक बसवलेला नाही.

पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आले. दुसऱ्यांदा पाहताना मी नकळत मात्रा मोजू लागले.

वृत्ते शिकवणाऱ्या माणसाला या चित्रफितीत एक गोष्ट लख्ख दिसते. इथे काळाचे अंतर झाले आहे. समजा, गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाते आहे, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची हवी असेल, तर दर पाच मीटरवर एक वस्तू ठेवावी लागेल. वस्तू अडीच मीटरवर आली की लय दुप्पट झाली. मधली एक जागा मोकळी सोडली की यती आली. जमिनीवर कविता मांडावी तसा हा प्रकार आहे. पण ती नुसती मांडून भागत नाही. ती म्हणणाऱ्याचा, म्हणजे चालकाचा, पाय एकसारखा राहिला पाहिजे. वेग जरा वाढला की वृत्त धावते, जरा मंदावला की लंगडते. भुजंगप्रयात पाठ म्हणताना विद्यार्थी मध्येच अडखळला तर आपण त्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सांगतो. इथे पुन्हा पहिल्यापासून म्हणजे दोन मैल मागे.

पियानोंची गोष्ट तर मला फारच बोलकी वाटली. गाडीचा हात पियानोच्या नेमक्या कोणत्या पट्टीवर पडेल याचा भरवसा नव्हता. म्हणून प्रत्येक पियानोची खालची सप्तके एकाच स्वरात लावून टाकली होती. हात कुठेही पडो, स्वर तोच निघणार. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचे ते श्रीमंत वाद्य इथे एका अक्षरापुरते उरते, आणि अशा अनेक अक्षरांची रांग लागली की ओळ बनते. पियानोचा हा अपमान आहे की त्याला मिळालेली नवी नोकरी, हे ठरवणे अवघड आहे. पण गाणे त्यातूनच उभे राहते, हे कानांना नाकारता येत नाही.

या बँडचा पूर्वेतिहास पाहिला तर आश्रयाचा प्रश्न त्यांच्या मागे आधीपासून लागलेला दिसतो. २००६ साली जागच्या जागी चालायच्या आठ यंत्रपट्ट्यांवर चौघांनी नाच केला. कुलाशची बहीण ट्रिश साय हिने तो बसवला होता. अगदी किरकोळ खर्चात, एका सलग दृश्यात टिपलेली ती चित्रफीत जगभर गेली आणि २००७ साली तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पुढे त्यांच्या ध्वनिमुद्रिका कंपनीने यूट्यूबवरच्या त्यांच्या चित्रफिती इतर संकेतस्थळांवर लावायला मनाई केली. कारण तशा पाहण्याचे पैसे कंपनीला मिळत नव्हते. ज्या फुकट फिरण्याने हे चौघे प्रसिद्ध झाले, तेच बंद झाले. फेब्रुवारी २०१० मध्ये कुलाशने ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये याविरुद्ध लेख लिहिला आणि पुढच्याच महिन्यात बँड कंपनीतून बाहेर पडला. त्याच सुमारास आलेल्या ‘धिस टू शॅल पास’ या गाण्याच्या चित्रफितीत एका गोष्टीने दुसरी, दुसरीने तिसरी ढकलत जाणारे प्रचंड यंत्र होते, आणि त्याचा खर्च एका विमा कंपनीने उचलला होता. म्हणजे संगीताचा व्यवसाय करणाऱ्या कंपनीपासून सुटका मिळाली ती विमा आणि मोटारी विकणाऱ्यांच्या मदतीने. २०१४ साली तर जपानमध्ये, होंडाच्या एकचाकी वाटणाऱ्या छोट्या वाहनांवर बसून आणि असंख्य छत्र्यांच्या नृत्यासह, त्यांनी आणखी एक चित्रफीत केली. एक मालक जाऊन दुसरा आला, असे कोणी म्हणेल. पण फरक असा की ध्वनिमुद्रिका कंपनीला त्यांचे गाणे हवे होते, त्यावर हक्क हवा होता. मोटार कंपनीला गाण्याशेजारी फक्त जागा हवी होती.

फक्त जागा. इथेच माझ्या मनातला जुना काटा सलू लागतो.

मोटार आणि गाणे यांच्या व्यवहारात नकारांचा इतिहासही मोठा आहे, आणि माझी सहानुभूती आजवर नेहमी त्या बाजूला राहिली. ‘द डोअर्स’ या बँडची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९६८ साली ब्यूइक गाडीच्या जाहिरातीसाठी त्यांचे ‘लाइट माय फायर’ मागितले गेले. गायक जिम मॉरिसन तेव्हा दूर होता. उरलेल्या तिघांनी होकार देऊन टाकला. परत आल्यावर मॉरिसन इतका संतापला की रंगमंचावर हातोड्याने ब्यूइक फोडीन, अशी धमकी त्याने दिली. तो व्यवहार बारगळला. मॉरिसन १९७१ साली वारला. पुढे तीस वर्षांनी कॅडिलॅकने या बँडचे दुसरे गाणे मागितले, कोट्यवधी डॉलर देऊ केले, आणि ढोल वाजवणारा जॉन डेन्समोर एकटा ‘नाही’ म्हणाला. होकार देणाऱ्या त्या तिघांत १९६८ साली तोही होता. मित्राचा संताप त्याने तीस वर्षे लक्षात ठेवला.

दुसरा नकार बेट मिडलर हिचा. फोर्ड कंपनीच्या जाहिरातीत गायला ती तयार झाली नाही, तेव्हा जाहिरात संस्थेने तिच्याच जुन्या साथीदार गायिकेकडून तिच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करवून घेतली. मिडलर न्यायालयात गेली. प्रसिद्ध गायिकेचा आवाज ही तिची स्वतःची गोष्ट आहे, विकण्यासाठी त्याची नक्कल करता येणार नाही, असे अपील न्यायालयाने १९८८ साली म्हटले आणि पुढे तिला चार लाख डॉलर भरपाई मिळाली. नकाराला कायद्याचा आधार मिळाल्याचे हे उदाहरण मी अनेक वर्षे ‘लेखकाचा आवाज’ शिकवताना सांगत आले आहे.

आणि या दोन्हींच्या पलीकडे निक ड्रेक आहे. त्याची ‘पिंक मून’ ही ध्वनिमुद्रिका १९७२ साली आली, फारशी कोणी विकत घेतली नाही. १९७४ साली, सव्विसाव्या वर्षी, तो गेला. १९९९ साली फोक्सवॅगनच्या एका जाहिरातीत चार तरुण चांदण्या रात्री टप उघडलेल्या गाडीतून जातात, एका मेजवानीच्या दाराशी पोहोचतात, आतला गोंगाट पाहतात आणि न उतरताच पुन्हा रस्त्याला लागतात. सोबत ‘पिंक मून’. गाडीविषयी एक शब्द नाही. या जाहिरातीनंतर ड्रेकच्या ध्वनिमुद्रिका त्याच्या हयातीत कधी खपल्या नव्हत्या इतक्या खपल्या. हजारो लोकांना एक खरा गायक मिळाला आणि तो मोटारीच्या खिडकीतून मिळाला. त्याला हे रुचले असते का? विचारायला तो नव्हता. त्याच्या वतीने दुसऱ्यांनी ठरवले.

‘त्याच्या वतीने दुसऱ्यांनी ठरवले’ हे वाक्य लिहिताना हात थांबला. आता माझी गोष्ट सांगते.

२०१० साली आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाची जबाबदारी माझ्याकडे होती. मंडळाची आंतरमहाविद्यालयीन काव्यवाचन स्पर्धा बरीच वर्षे चालत आलेली. पंचक्रोशीतली मुले तिची वाट पाहत. बक्षिसे मोठी नव्हती, पण बाहेरगावच्या मुलांना एस.टी.चे भाडे मिळे, दुपारचे जेवण मिळे आणि आपली कविता अनोळखी माणसांसमोर वाचायला मिळे. त्या वर्षी पैसे नव्हते. सभागृह आणि चहा यापलीकडे काही देता येणार नाही, असे प्राचार्यांनी सांगितले. मग एका सहकाऱ्याने गावातल्या एका मोटारविक्रेत्याला गाठले. तो सगळा खर्च उचलायला तयार झाला. कवितेत त्याला काही सुचवायचे नव्हते. त्याच्या अटी तीनच : सभागृहाच्या दारात नवी गाडी उभी करायची, फलकावर दुकानाचे नाव घालायचे आणि बक्षीस घेणाऱ्या मुलांचे छायाचित्र गाडीशेजारी काढायचे.

मी ‘नाही’ म्हणाले. नुसते म्हणाले नाही, मंडळाच्या बैठकीत छोटेसे भाषणच केले. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला, ही परंपरेने जपलेली कथा सांगितली. कविता आणि मोटार एका चौकटीत आली की कविता मोटारीची ॲक्सेसरी होते, असेही म्हणाले. ‘ॲक्सेसरी’ हा शब्द सुचल्याचा मला तेव्हा आनंद झाला होता. सहकारी गप्प बसले. स्पर्धा त्या वर्षी झाली नाही. एकदा खंडित झालेली गोष्ट पुन्हा जोडणे किती कठीण असते ते पुढे कळले. पुढची चार वर्षेही ती झाली नाही.

ज्याने परवा चित्रफीत पाठवली तो तेव्हा दुसऱ्या वर्षाला होता. त्याचे वडील वडाप चालवत. त्या जीपवर त्याने एक कविता लिहिली होती : दहा माणसांच्या गाडीत सोळा माणसे बसतात आणि सतरावा हात दाखवतो तेव्हा वडील काय करतात, अशी काहीशी. ती मी तपासून दिली होती, दोन ठिकाणी यतिभंग दाखवला होता. स्पर्धा रद्द झाल्यावर तो विभागात आला. म्हणाला, “मॅडम, तुमचं बरोबरच असेल. पण तुम्ही आम्हाला विचारलं नाहीत. आम्ही गाडीशेजारी उभं राहून वाचली असती कविता. गाडीनं कवितेला काय होतंय?”

मी त्याला तत्त्व समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले, ‘बरं मॅडम’ म्हणाला आणि गेला. तिसऱ्या वर्षी त्याने कविता दाखवायला आणली नाही. आज तो एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. अधूनमधून संदेश येतात, कवितेचा विषय निघत नाही.

डेन्समोरचा नकार मी इतकी वर्षे माझ्या नकाराशेजारी ठेवून पाहत होते आणि मनातल्या मनात दोघांची पाठ थोपटत होते. आता नीट पाहिल्यावर दोन्हींमधला फरक दिसतो. डेन्समोरच्या नकाराने त्याच्या साथीदारांचेही पैसे बुडाले आणि ते त्याच्यावर रागावलेही. पण ‘द डोअर्स’ने आरंभीच ठरवले होते की सगळे उत्पन्न चौघांत समान वाटायचे आणि चौघांपैकी एकाने जरी नकार दिला तरी व्यवहार करायचा नाही. म्हणजे नकाराचा तो अधिकार इतरांनी त्याला आधीच दिलेला होता. मिडलरने नाकारले ते स्वतःच्या गळ्यापुरते. मी मात्र ज्या कविता माझ्या नव्हत्या त्यांच्या वतीने नकार दिला. त्याची किंमत मोजली ती एस.टी.च्या भाड्यासाठी अडणाऱ्या मुलांनी. माझा पगार त्या महिन्यातही एक तारखेला जमा झाला.

तुकोबांची कथाही आता मला वेगळी ऐकू येते. नजराणा परत करणारे तुकोबा स्वतः उपाशी राहायला सिद्ध होते; म्हणून त्या नकाराला तेज आहे. तरीही त्या घरात जिजाई होती, मुले होती. नजराणा परत गेला त्या दिवशी चुलीपुढे काय बोलणे झाले असेल, याचा विचार मी बैठकीत केला नव्हता.

आणि शुद्धतेचा आग्रह मी कुठल्या तोंडाने धरत होते? माझ्या पहिल्या दोन कविता दिवाळी अंकात छापून आल्या त्या सराफाच्या जाहिरातीसमोरच्या पानावर. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, ती टिकवण्यात लेखकांइतकाच वाटा तेले, साबण, बँका आणि बांधकाम व्यावसायिक यांचा आहे, हे आपण सगळे जाणतो. त्या पानांवरून नजर सरकवायला आपण शिकलो आहोत इतकेच. अरुण कोलटकर आयुष्यभर जाहिरातक्षेत्रात चित्रकार म्हणून काम करत राहिले. ‘जेजुरी’च्या कवीचा हात दिवसा वस्तू विकण्यासाठी रेषा ओढत होता. त्या हाताने कविता मलिन झाली, असे कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

मग मोटारविक्रेत्याला होकार द्यायला हवा होता का? इथे मी अजून अडखळते. विद्यार्थ्याच्या वाक्यात याचे अर्धे उत्तर आहे, असे मला वाटते. ‘ही गाडी निदान काही वाजवते तरी.’ सॉनिकवरचे कंपनीचे चिन्ह पुसून टाकले तरी ‘नीडिंग/गेटिंग’ची चित्रफीत उभी राहील, पण गाडीच काढली तर काही उरणार नाही. तिथे गाडी वाद्यवृंदात सामील आहे, तिला काम आहे, आणि ते काम बेताल झाले तर सगळे कोसळण्याची जोखीम तिच्यावरही आहे. आमच्या दारात जी गाडी येणार होती ती नुसती उभी राहणार होती. मी विचारायला हवा होता तो प्रश्न ‘गाडी हवी की नको’ हा नव्हताच. गाडी येऊन काय करणार, हे विचारायला हवे होते. मुलांना वेळेवर आणून सोडेल का? वडापमधल्या सोळा माणसांच्या कवितेला मंच देईल का? आणि हे ठरवायला मुलांना बैठकीत बसवायला हवे होते. कदाचित त्यांनी छायाचित्राची अट नाकारली असती, कदाचित स्वीकारली असती. काहीही झाले असते तरी तो त्यांचा होकार असता किंवा त्यांचा नकार.

आश्रयदाते जातात, हेही काळ दाखवून देतो. शेव्हर्लेच्या गाड्या २००८पासून आपल्याकडे तळेगावला तयार होत. २०१७ अखेर त्यांची भारतातली विक्री थांबली आणि २०२०च्या अखेरीस तळेगावचे उत्पादनही. अमेरिकेतली सॉनिकसुद्धा २०२० सालीच बनायची बंद झाली. जी गाडी विकण्यासाठी हा सारा घाट घातला ती नवी आता कुठे मिळत नाही. तिने वाजवलेले गाणे मात्र अजून वाजते आहे. उत्तर पेशवाई बुडाली आणि लावण्या उरल्या, हे आपण दरवर्षी शिकवतो. त्या लावण्यांच्या बैठकीत कोणाची दौलत उधळली गेली, हे परीक्षेत पाच गुणांना विचारतो.

चित्रफीत पाहून झाल्यावर मी त्याला लगेच उत्तर पाठवले नाही. दोन दिवसांनी लिहिले : ‘तेव्हा तुम्हा मुलांना विचारायला हवे होते. चुकले माझे. ती वडापवरची कविता अजून आहे का तुझ्याकडे?’

संध्याकाळी उत्तर आले. ‘आहे मॅडम. यतिभंग अजून तसाच आहे.’ आणि खाली वहीच्या पानाचे छायाचित्र होते. पेनाने लिहिलेल्या ओळी आणि समासात लाल शाईतल्या माझ्याच दोन खुणा. मी कविता पुन्हा वाचली. वडील सतराव्या माणसासाठी ब्रेक दाबतात, नेमक्या तिथेच ओळ अडखळते. मी ज्याला दोष म्हणून खूण केली होती, तिथे जीप थांबत होती.